एका दाण्यातील दोन मीलने

पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या गावी दिवाळीच्या सुमारास नवे धान बाजारात येऊ लागले की खरेदीदाराची दाणा पारखण्याची रीत अजून जुनीच दिसते. पोत्यातून मूठभर धान काढायचे, दोन तळहातांत चोळायचे, तूस फुंकून टाकायचे आणि उरलेला दाणा दातांखाली दाबून पाहायचा. कट्ट असा आवाज आला तर ओल बेताची, दाणा चेपला गेला तर भाव उतरला. तांदूळ किती पडेल, कणी किती निघेल, कोंडा कोणत्या दराने जाईल, हा सारा हिशेब त्या एका मुठीत होऊन जातो. मात्र दाण्याच्या एका टोकाला असलेला पांढरट ठिपका या हिशेबात कोठेच धरलेला नसतो. गिरणीत तो कोंड्याबरोबर निघून जातो आणि तांदळाच्या त्या टोकाला एक बारीक खाच तेवढी उरते.

ती खाच म्हणजे पुढच्या पिढीची रिकामी झालेली जागा होय. दाण्यात जगणारा जो काही अंश होता तो त्या ठिपक्यात होता. ज्याला आपण तांदूळ म्हणून तोलतो, शिजवतो आणि वाढतो, ते त्याच्यासाठी बांधून दिलेले शिदोरीचे गाठोडे. नवल असे की जीव आणि त्याची शिदोरी ही एकाच मीलनातून निर्माण झालेली नाहीत. प्रत्येक दाण्यासाठी फुलात दोन स्वतंत्र मीलने व्हावी लागतात.

भाताच्या फुलाला पाकळ्या नाहीत, रंग नाही, सुगंध नाही. दोन तुसांच्या आत सहा पुंकेसर आणि पिसासारख्या दोन कुक्षी असलेला स्त्रीकेसर, एवढाच त्याचा संसार. धान निसवल्यावर लोंबीच्या शेंड्याकडून खाली अशी ही फुले पाच-सात दिवसांत क्रमाने उमलतात. त्यांची वेळ ठरलेली असते : सकाळी नऊ-दहानंतर, ऊन चढू लागले की. तुसांच्या बुडाशी दोन इवले खवले असतात. ते पाणी शोषून फुगतात आणि तुसे अलग होतात. त्याच सुमारास परागकोष फुटतात आणि पराग आपल्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. तासाभरात, फार तर त्याहून थोड्या अधिक वेळात, तुसे पुन्हा मिटतात व परत कधीच उघडत नाहीत. परागकण हवेत जेमतेम पाच-दहा मिनिटे टिकतो. बांधीत शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या वाणाचा पराग वाऱ्याने येऊन कुक्षीवर रुजला, असे शंभरात एखाद्याच फुलाच्या बाबतीत घडते, बहुधा तेवढेही नाही.

त्या क्षणापूर्वी फुलाच्या आत बरेच काही घडून गेलेले असते. भाताच्या साध्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात, म्हणजे १२ जोड्या. परागकोषातील जनकपेशी जेव्हा अर्धगुणसूत्री पद्धतीने विभागते, तेव्हा या जोड्या एकमेकींना बिलगतात, आपापसांत तुकड्यांची देवघेव करतात आणि मग विलग होतात. एका पेशीपासून चार पेशी होतात व प्रत्येकीच्या वाट्याला जोडीतले एकेकच, अशी १२ गुणसूत्रे येतात. कोणत्या जोडीतले कोणते कोणाकडे जावे याला नियम नाही. तुकड्यांची देवघेव सोडून दिली तरी १२ जोड्यांच्या वाटणीचे ४०९६ प्रकार संभवतात. कुटुंबाच्या वाटणीत इतके पर्याय निघाले असते तर एकही वाटणीपत्र पूर्ण झाले नसते.

बीजांडातही अशीच वाटणी होते, पण तिचा शेवट कठोर आहे. चार पेशी निर्माण होतात, त्यांतील तीन नष्ट होतात आणि उरलेली एक वाढते. तिचे केंद्रक तीनदा दुभागते व आठ केंद्रकांचा, सात पेशींचा भ्रूणकोष तयार होतो. बीजांडाच्या छिद्राजवळ अंडपेशी व तिच्या दोन सहायक पेशी असतात, पलीकडच्या टोकाला तीन पेशी आणि मध्ये एक मोठी मध्यपेशी असते. या मध्यपेशीत दोन केंद्रके राहतात. ही दोन केंद्रके लक्षात ठेवावीत, कारण व्यापाऱ्याचा सारा माल त्यांच्यापासून उपजतो.

परागकण कुक्षीवर रुजतो व काही मिनिटांतच परागनलिका बीजांडाकडे धावू लागते. तिच्यातून दोन पुंयुग्मके येतात. एक अंडपेशीशी एकरूप होते : १२ आणि १२ मिळून २४, हा नवा जीव. दुसरे मध्यपेशीत शिरते. तिथे दोन केंद्रके आधीच असल्याने १२ च्या तीन राशी एकत्र येतात व ३६ गुणसूत्रांची पेशी होते. हीच भ्रूणपोषाची पहिली पेशी. तिचे केंद्रक आधी भराभर विभागत जाते, पेशींच्या भिंती मागाहून पडतात, मग त्यांत पिष्ट साठू लागते. शेतकरी म्हणतो, ‘धान दुधात आले’. महिन्याभरात ते दूध घट्ट होऊन तांदूळ बनते.

या दुहेरी मीलनाचा, म्हणजे द्विफलनाचा, शोध रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातील फुलांत लावला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लेऑन गिन्यार यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. तोवर माणूस हजारो वर्षे भात, गहू, ज्वारी खात आला होता, पण आपण नेमके काय खातो हे त्याला ठाऊक नव्हते.

दाणा पिकतो तेव्हा त्या पिष्टाने भरलेल्या पेशी मेलेल्या असतात. भ्रूणपोषाचा बाहेरचा पातळ थर आणि टोकाचा अंकुर एवढेच जिवंत राहते. मंदिरात स्वस्तिक काढण्यासाठी अक्षत घेतली जाते ती तांदूळ पुन्हा उगवत नाही म्हणून, हे जैन घरांतील मुलांनाही माहीत असते. पेशींच्या भाषेत त्याचे कारण असे की सडताना व पॉलिश करताना अंकुर आणि तो जिवंत थर दोन्ही निघून जातात. केवळ तूस काढलेला, कोंडा व अंकुर शाबूत असलेला तपकिरी तांदूळ भिजत ठेवला तर मात्र तो मोड धरू शकतो. हल्ली आरोग्याच्या नावाने तो मोड आणूनच विकला जातो.

भाताचे फूल आपला व्यवहार घरच्या घरी उरकते, या एका गोष्टीतून झाडीपट्टीच्या बाजाराचा अलीकडचा इतिहास घडला. अड्याळपासून फार दूर नसलेल्या, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये त्यांनी शेतात ‘पटेल-३’ हे वाण लावले होते. त्यात तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या खुडून जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचे, भरघोस उताऱ्याचे वाण हाती आले. ते गावोगाव पसरले. त्याला नाव देणारा होता एक धान-व्यापारी. त्या काळी एचएमटीचे घड्याळ ही प्रतिष्ठेची वस्तू होती, म्हणून वाण ‘एचएमटी’ झाले. आज किराणा दुकानात ‘एचएमटी तांदूळ’ मागणाऱ्या गिऱ्हाईकाला त्यामागे घड्याळ आहे, एवढे तरी ठाऊक असते. त्यामागे तीन लोंब्या आहेत, हे क्वचितच.

तीन लोंब्यांवरून एक स्थिर वाण उभे राहू शकले, कारण भात स्वपरागित आहे. अशा वेगळेपणाच्या मुळाशी एक तर गुणसूत्रावरील अचानक बदल असतो किंवा शंभरातल्या त्या एखाद्या फुलात झालेला परका संकर. संकर असेल तर जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांहून भिन्न असतात. पण स्वपरागणाच्या प्रत्येक पिढीत हा भिन्नपणा निम्म्याने घटतो : शंभराचा ५०, मग २५, मग साडेबारा. सहाव्या पिढीला तो दीड टक्क्याच्या आसपास येतो. शेतकऱ्याने दरवर्षी हवी तीच लोंबी निवडली तर फूल स्वतःच उरलेले काम करते. दादाजींपाशी सूक्ष्मदर्शक नव्हते. पण अर्धगुणसूत्री विभाजन त्यांच्या बाजूने खपत होते, आणि त्यांच्याकडे ते काम पुरे होईतो थांबण्याची चिकाटी होती.

पुढे १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. मूळ वाण कोणाचे व श्रेय कोणाचे, यावरून बराच वाद झाला. दादाजींनी त्यानंतरही ‘नांदेड चिन्नोर’, ‘डीआरके’ अशी वाणे काढली. ‘डीआरके’ ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातील प्रभावी उद्योजकांत त्यांची गणना केली. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. वाणाने कोट्यवधींची उलाढाल घडवली आणि निर्मात्याच्या पदरी मानपत्रे पडली. ज्या व्यापारी वर्गाला या तांदळाने हात दिला, त्याने हे विसरू नये असे वाटते.

संकरित धानाची गोष्ट नेमकी उलट. दोन भिन्न वाणांच्या संयोगातून आलेली पहिली पिढी जोमदार असते, पण भाताचे फूल परक्याला दारात उभे करीत नाही. त्यावर उपाय सापडला तो चीनमध्ये. युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना १९७० मध्ये हैनान बेटावर नपुंसक पराग असलेले रानटी भाताचे झाड आढळले. तो दोष गुणसूत्रांत नव्हता, पेशीद्रवात होता, म्हणून तो फक्त आईकडून पुढे जातो. अशा मादी ओळींच्या बाजूला नर वाणाच्या ओळी लावतात. फुले उघडण्याच्या त्या तासा-दीड तासात मजूर बांधीच्या दोन टोकांना उभे राहून लोंब्यांवरून दोर ओढतात, म्हणजे पराग उडून शेजारच्या ओळीवर पडतो. पराग अल्पायुषी असल्याने हा दोर त्या वेळात पुन्हा पुन्हा ओढावा लागतो. चीनप्रमाणे आपल्याकडेही, कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘सह्याद्री’ धानाचे बियाणे याच मार्गाने तयार होते. संकरित बियाणे महाग का, याचे अर्धे उत्तर त्या दोरात आहे.

उरलेले अर्धे उत्तर पुढच्या हंगामात मिळते. संकरित धान घरी राखून पुन्हा पेरले तर जोड्या फुटतात, ४०९६ वाटण्यांचा तो खेळ सुरू होतो आणि एकाच बांधीत उंच-बुटकी, लवकर-उशिरा पिकणारी, लांब-आखूड दाण्याची झाडे उभी राहतात. असे मिश्र धान गिरणीत गेले की कणी वाढते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा व विकण्याचाही अधिकार दिला आहे. संरक्षित वाण छापील नाममुद्रेच्या पाकिटात मात्र त्याला विकता येत नाही. एचएमटीच्या बाबतीत हा अधिकार त्याच्या उपयोगी पडतो. संकरिताच्या बाबतीत कायदा आड येत नाही, पेशी आड येते.

मग फुलाला वळसा घालूनच नवे झाड मिळाले तर? निसर्गात हे जागोजाग घडते, आणि जैन परंपरेने त्याची नोंद फार पूर्वी घेतली आहे. दशवैकालिकाच्या चौथ्या अध्ययनात व पुढे नेमिचंद्राचार्यांच्या गोम्मटसारात वनस्पतींची वर्गवारी त्या कोठून उगवतात यावरून केलेली आढळते : शेंड्यापासून उगवणाऱ्या त्या अग्रबीज, मुळापासून उगवणाऱ्या मूलबीज, पेरापासून पर्वबीज, खोडापासून स्कंधबीज, बियांपासून बीजरुह. गोम्मटसारात कंदबीजही वेगळे सांगितले आहे. ऊस पेरापासून येतो, सुरण कंदापासून आणि भात-गहू बियांपासून. आधुनिक वनस्पतिशास्त्र ज्याला शाकीय पुनरुत्पादन म्हणते, त्याची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे.

उसाच्या टिपरीवरचा डोळा फुटतो तेव्हा तिथे कोणतेही मीलन होत नाही. पेशी सूत्री पद्धतीने दुभागते, प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल होते आणि दोन्ही पेशींना संपूर्ण संच मिळतो. वाटणी नाही, देवघेव नाही. खाते जसेच्या तसे नव्या वहीत उतरते. हळदीला तर दुसरा मार्गच उरलेला नाही. तिच्या पेशीत ६३ गुणसूत्रे असतात, २१ च्या तीन राशी. तिघांची जोडी जमत नाही, म्हणून वाटणी बिघडते आणि बीज बहुधा धरतच नाही. म्हणून शेतकरी लावणीसाठी कच्चे गड्डे राखून ठेवतो व उरलेले शिजवून वाळवतो. शिजलेल्या हळदीतील कोंबाच्या पेशी मेलेल्या असतात, ती पुन्हा उगवत नाही. ओली हळद वर्ज्य मानणाऱ्या घरांत वाळलेली चालते, यामागचा शास्त्रार्थ शास्त्राने सांगावा. पेशींपुरते बोलायचे तर या दोहोंत खरोखरच फरक आहे.

नकलेची किंमतही मोजावी लागते. केळी अशीच तीन राशींची व बीजहीन. सारी झाडे एकाच खात्याच्या नकला असल्याने एक रोग सर्वांना सारखाच लागतो. ‘ग्रो मिशेल’ नावाच्या केळीवर गेल्या शतकात जगाचा व्यापार चालत असे. मातीतील बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने शतकाच्या मध्यापर्यंत तो मोडून काढला.

आणि नागपूरचा संत्रा तर बीच्या आडून नक्कल करतो. त्याची एक बी पेरली तर अनेकदा दोन-तीन रोपे उगवतात. त्यांतील एक मीलनातून झालेले असू शकते. बाकीची बीजांडाच्या भिंतीतील आईच्या साध्या पेशींपासून, मीलनाशिवाय घडलेली असतात. संत्र्याच्या बीत दोन अंकुर असल्याचे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी १७१९ मध्येच पाहिले होते. विदर्भातील रोपवाटिकाधारक याच गुणाचा फायदा घेतात. जंबेरीच्या बियांपासून एकसारखी खुंटरोपे मिळतात व त्यांवर संत्र्याचा डोळा भरला जातो.

धानाच्या बीलाही हे शिकवता येईल का, यावर गेली काही दशके काम चालू आहे. त्यात भारताचा वाटा मोठा आहे. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोत्र्याचे परागकोष काचेच्या नळीत वाढवून परागापासूनच रोपे उगवता येतात हे दाखवले. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात इम्रान सिद्दिकी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात वाटणीविना अंडपेशी तयार होत असल्याचे सिद्ध केले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात इम्तियाज खांडे व वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने भातात हे घडवले. तीन जनुके बंद करून अर्धगुणसूत्री विभाजनाचे सूत्री विभाजन केले, आणि एक जनुक अंडपेशीत जागे करून तिला मीलनाविना अंकुर धरायला लावले. तेव्हा मिळालेल्या बियांपैकी थोड्याच हुबेहूब होत्या. २०२२ मध्ये दुसऱ्या एका गटाने संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर नेले.

म्हणजे संकरित धानही एचएमटीसारखे घरी राखून पेरता येईल. बियाणे कंपनीला, कृषिकेंद्राच्या दुकानदाराला आणि शेतकऱ्याला याचा अर्थ वेगवेगळा लागेल. पण मोठ्या चतुराईने घडवलेल्या या भातातही नवाशिनांनी पाहिलेली दुसरी गोष्ट टळलेली नाही. अंकुर मीलनाविना होतो, तांदूळ होत नाही. मध्यपेशीला परागाची वाट पाहावीच लागते. ती भेट चुकली तर अंकुराला शिदोरी नाही आणि बाजाराला माल नाही.

म्हणूनच उन्हाळी धान फुलावर असताना पारा ३५ अंशांच्या वर चढू लागला की बांधीतील माणूस अस्वस्थ होतो. त्या उष्णतेत परागकोष नीट फुटत नाहीत, पराग कुक्षीवर रुजत नाही आणि लोंबी भरल्यासारखी दिसूनही हलकी लागते. खरिपाच्या दाण्यातही असे पोचट असतातच. जूनमध्ये पऱ्हे टाकण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बियाणे त्यात ओततात. ज्यांच्यात मीलन चुकले किंवा दूध पुरते भरले नाही ते दाणे वर तरंगतात आणि काढून टाकले जातात. तळाशी बसलेले स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत सुकवून पेरणीला घेतात.